सहा बटणं

ताई, तुझा बटणं लावायचा हुक हरवला नव्हता. मी तो लपवला होता.

हे एवढंच वाक्य तुझ्यासमोर बोलायला मला दहा महिने मिळाले होते. रोज सकाळी तू माझ्यासमोर खुर्चीत बसायचीस, माझं तोंड तुझ्या तोंडापासून हातभर अंतरावर असायचं, आणि मी तुझ्या कुर्त्याची बटणं लावत गप्प राहायचो. आता तू जाऊन तेवीस दिवस झाले. आता बोलायला सुचतंय.

जानेवारीतल्या त्या शुक्रवारी दुपारी तू केंद्रातून येऊन जरा आडवी झाली होतीस. पिशवी दाराच्या खिळ्याला लटकत होती. मी त्यातून हुक काढला, स्कूटर पुसायच्या फडक्यात गुंडाळला आणि डिक्कीत टाकला. त्यानंतर दहा महिने तू त्याच स्कूटरवर माझ्यामागे बसून केंद्रात जात-येत होतीस. म्हणजे रोज त्याच हुकावर बसून.

एकदा मेडिकल चौकाच्या खड्ड्यात स्कूटर आदळली तेव्हा तू मागून विचारलंस, "ही डिक्की काहून वाजते गा, पम्या?"

"पाना असंल," मी म्हणालो. घरी आल्यावर हुकाला आणखी एक फडकं गुंडाळलं. तू पुन्हा कधी विचारलं नाहीस.

*

आई मिलमध्ये पहिल्या पाळीला जायची, म्हणून शाळेसाठी मला तू तयार करायचीस. तू माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तुझी बोटं तेव्हा इतकी चपळ होती की एका हाताने माझा भांग पाडायचीस आणि दुसऱ्या हाताने शर्टाची बटणं लावायचीस. खालून वर. "खालून लावत यावं, म्हणजे चुकत नाही," हे तू मला शिकवलंस. पुढे आई गेली, आणि तुझं लग्न जुळवायच्या दिवसांत तुझी बोटं सुजायला लागली. डॉक्टरांनी आमवात सांगितला. बघता बघता तुझ्या हातांचा आकार बदलला, बोटं एका बाजूला कलली, आणि एका सकाळी तू कुर्ता घालून माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस. मी खाली वाकलो आणि खालून वर सहा बटणं लावली.

त्या दिवसापासून अठरा वर्षं ते माझं काम होतं. बटणं, वेणी, बाटलीचं झाकण, औषधाची पट्टी फोडणं, संत्रं सोलून देणं. मेच्या उन्हात कूलरच्या ओल्या वाऱ्याने तुझे सांधे धरायचे, म्हणून आपल्या घरी कूलर लागायचा नाही. सगळी वस्ती कूलरपुढे पडलेली असायची आणि आपण दोघं पंख्याखाली घाम पुसत बसायचो. मी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. स्टाफरूममध्ये कोणी उकाड्याची तक्रार केली की मी मुद्दाम सांगायचो, आमच्याकडे कूलर नाही, बहिणीला सोसत नाही. मग सगळे माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघायचे. ती नजर मला फार आवडायची, ताई.

माझं लग्न झालं नाही. बहिणीसाठी राहिला, असं लोक म्हणायचे. तुला खरं माहीत होतं. दोन ठिकाणी मलाच नकार आला होता, आणि तिसरीकडे जायचा मी कंटाळा केला. पण लोकांना मी तसंच समजू दिलं, आणि तूही ते कधी खोडलं नाहीस. विहारात, बाजारात, लग्नाच्या मांडवात कोणी ना कोणी म्हणायचं, "भाऊ असावा तर प्रमोदसारखा." मी मान खाली घालायचो. तू माझ्याकडे बघून मिस्कील हसायचीस.

*

मग ते केंद्र आलं.

सक्करदरा तलावाजवळच्या समाजभवनात सकाळी दहा ते एक. सांधे आणि स्नायूंच्या दुखण्याच्या लोकांसाठी विरंगुळा केंद्र. तुला तिथं पहिल्या दिवशी मीच घेऊन गेलो होतो, हे मी मनाशी पुन्हा पुन्हा म्हणत असतो. वीस-बावीस माणसं होती. कोणी काठी घेऊन, कोणी मानेला पट्टा लावून. एका टेबलावर कोमट पाण्याचे टब, त्यात हात बुडवून बसलेल्या बाया. एका कोपऱ्यात कॅरम, त्याचा स्ट्रायकर बशीएवढा. आणि भिंतीवर एक पाटी: "विचारल्याशिवाय कोणाला हात लावू नये."

तू खुर्चीतून उठायला लागलीस तसा मी सवयीने तुझ्या दंडाला धरलं. पलीकडून एक ठणठणीत आवाज आला, "ओ भाऊ! पाटी वाचता येते ना?"

त्या सुशीलाबाई. दोन्ही गुडघे गेलेल्या, पण जीभ शाबूत.

"बहीण आहे माही," मी म्हणालो.

"बहीण आहे म्हणून तर विचारा! उठताना धरू का, एवढं विचाराले काय होते?"

सगळे हसले. तूही हसलीस. मला आठवत नाही त्याआधी तू माझ्यावर चारचौघांत कधी हसली होतीस.

मग सगळे गोल करून बसले. तिथली रीत अशी, की रोज सुरुवातीला प्रत्येकाने सांगायचं, आज आपलं आपण काय केलं. "आज कुकरचं झाकण लावलं." "आज मोजे घातले, डावा लवकर गेला, उजव्याने लय वेळ खाल्ला." "आज कुलूप उघडलं." हात दुखतात म्हणून टाळ्या वाजवायच्या नाहीत. बाकीच्यांनी फक्त "वा!" म्हणायचं. तुझी पाळी आली तेव्हा तू जरा विचार करून म्हणालीस, "आज काहीच नाही. आज सगळं पम्यानं केलं."

मी "वा" ची वाट पाहिली. कोणीच म्हणालं नाही.

घरी येताना मी तुला म्हणालो, "हे काय बालवाडीचं चालवलं आहे? मोजे घातले म्हणून वा?" तू म्हणालीस, "उद्या पावणेदहाले सोडशील ना?"

पुढच्या काही महिन्यांत काय काय झालं ते मी मत्सराने बघितलं. दुसरा शब्द नाही. बाटलीचं झाकण तू रबराचा तुकडा लावून उघडायला लागलीस. लांब दांडीचा कंगवा आला आणि वेणी माझ्या हातातून गेली. औषधाची पट्टी तू कात्रीने कापायला लागलीस. एक एक काम माझ्याकडून जात होतं आणि तू दरवेळी मला बोलावून दाखवत होतीस, "पाह्य, पाह्य पम्या, झालं!" आणि मी "चांगलं आहे" म्हणून आत जात होतो. केंद्रातून परत येताना तू मागे बसून गुणगुणायचीस. मी आरसा वळवून बघायचो. तुझ्या चेहऱ्यावर जे असायचं ते अठरा वर्षांत मी तिथं आणू शकलो नव्हतो.

आणि गजभिये सर. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले, पत्नी गेलेली, दोन्ही गुडघ्यांनी त्रस्त. केंद्रातल्या लोकांना लागणाऱ्या लहान लहान वस्तू ते बनवून द्यायचे. जेवणाच्या टेबलावर तुझ्या प्रत्येक तिसऱ्या वाक्यात त्यांचं नाव असायचं. गजभिये सर असं म्हणाले, गजभिये सरांनी चमच्याला जाड मूठ लावली, गजभिये सरांचा स्ट्रायकर आज भोकात गेला. एके दिवशी मी ताट सरकवून म्हणालो, "त्यांनाच बोलव ना जेवायला." तू चमचा तोंडाशी नेता नेता थांबलीस. "बोलवू?" तू खरंच विचारत होतीस. मी उठून हात धुवायला गेलो. तू त्यांना कधी बोलावलंही नाहीस. तुझ्या मनात त्यांच्याबद्दल काय होतं ते मला माहीत नाही. विचारायची हिंमत मला झाली नाही, आणि आता कोणाला विचारणार.

शेवटी तो हुक आला. तू पिशवीतून तो काढलास आणि मला समोर बसवलंस. वीतभर लाकडी मूठ, तिच्या टोकाला सायकलच्या तारेचा वळवलेला फासा. काजातून फासा आत घातलास, बटण पकडलंस, ओढलंस. एक. तुझं कपाळ घामाने भिजलं होतं. दोन. तीन. सहावं बटण लागेपर्यंत पाऊण तास झाला असेल. मग तू मान वर केलीस.

"खालून वर लावली," तू म्हणालीस.

मी मुठीकडे बघत होतो. ते लाकूड ओळखीचं होतं. "हे आईचं लाटणं आहे?"

"हाव. मधून चिरलंच होतं ना. मी नेऊन देल्लं. सरांनी एका टोकाची मूठ कापून देल्ली."

"मले विचारायचं तरी!"

"लाटणं माह्यं होतं गा, पम्या."

मी म्हणालो, हा सगळा खटाटोप कशाला, बटणांऐवजी वेल्क्रोची चिकटपट्टी लावून घेऊ, चर्र करून उघडेल. तू म्हणालीस, "चिकटपट्टी लहान पोरांच्या बुटाले राह्यते. मले बटणंच पाहिजेत." मी म्हणालो, मग मी काय मेलो होतो लावायला? तेव्हा आपलं ते भांडण झालं. मी कूलरपासून सुरुवात केली आणि लग्नापर्यंत गेलो. माझ्या तोंडून "तुझ्यासाठी राहिलो" हे वाक्य गेलं, जे खोटं आहे हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. तू ते खोडून काढू शकली असतीस. तू फक्त म्हणालीस, "तुले माह्या दुखण्याची लय गरज आहे, पम्या."

 ते भांडण तिथंच राहिलं. 

*

खापा या विणकरांच्या गावी जायचं ठरलं त्याच सुमारास. तिथल्या समाजमंदिरात बाया जमणार होत्या, हातमागावर आयुष्य काढून बोटं आखडलेल्या. केंद्रातले सात-आठ जण दोन दिवस जाऊन त्यांना आपल्या युक्त्या दाखवणार होते. बटणं लावून दाखवायचं काम तुझ्याकडे होतं. तू रोज सराव करत होतीस. पाऊण तासाचं अर्ध्या तासावर आलं, मग दहा मिनिटांवर. तू माझं घड्याळ घेऊन बसायचीस आणि मला म्हणायचीस, "बोलू नको, मोज." आयुष्यात तू एकटी कुठे राहायला गेली नव्हतीस. पिशवीत टॉवेल, पांढरा कुर्ता, औषधं. पिशवी तू तीन वेळा भरलीस.

शनिवारी सकाळी निघायचं होतं. शुक्रवारी मी काय केलं ते वर लिहिलं आहे.

संध्याकाळी तुला हुक सापडेना. पिशवी पालथी केली, गादी उचलली. मी तुझ्याबरोबर शोधत होतो, हे मला सांगितलंच पाहिजे. मी वाकून पलंगाखाली बघितलं. मग मीच म्हणालो, "सेंटरवरच राहिला असंल." मीच तुला स्कूटरवर बसवून तिकडे नेलं. गजभिये सर जवळच राहायचे, ते चावी घेऊन आले. कपाटाखाली बघायला त्यांनी आधी एक गुडघा टेकला, मग भिंत धरून दुसरा. त्यांच्या तोंडून आवाज निघाला. ते हाताने जमीन चाचपत होते आणि मी मोबाइलचा उजेड धरून उभा होतो. हुक दाराबाहेर दहा पावलांवर होता. डिक्कीची चावी माझ्या खिशात होती.

"नवा कराले दोन दिवस तर लागतेच," सर म्हणाले. "तुम्ही चला ना शालूताई. बटणं सुशीलाबाई लावून देतील."

तू म्हणालीस, "त्या बायांले काय सांगू सर? आपलं आपण करता येते म्हणून सांगू, अन् माही बटणं दुसऱ्यानं लावलेली?"

तू गेली नाहीस. शनिवारी सकाळी तू नेहमीसारखी माझ्यासमोर येऊन बसलीस. मी खालून वर सहा बटणं लावली. त्या दिवशी मी सुट्टी टाकली होती. तुझ्या आवडीचं भरीत केलं, संत्री सोलली, बिया काढून फोडी तुझ्यापुढे ठेवल्या. तू खिडकीशी बसून होतीस आणि पांढरा कुर्ता पिशवीतच होता. आणि मी सुखात होतो, ताई. स्वयंपाकघरात वांगं भाजताना मी शिट्टी वाजवत होतो. तू ऐकली असशील.

पहिल्या आठवड्यात वाटलं, गादीखाली सापडला म्हणून काढून द्यावा. मग तू विचारायचं थांबवलंस. तू शोधत नाहीस तर मी कशाला द्यायचा, असा मी हिशेब केला. दर सकाळी तू पुढे येऊन बसायचीस, मी बटणं लावायचो, आपण पहिल्यासारखे झालो असं मला वाटायचं.

*

हे सगळं मी दवाखान्यात सांगणार होतो. रामदासपेठेतल्या त्या खोलीत पाच दिवस तुझ्या नाकातोंडावर मास्क होता. आमवाताने शेवटी फुप्फुसं धरली होती. डॉक्टर म्हणाले, बोलू देऊ नका. मला ती पळवाट वाटली. बोलायचं नाही म्हणजे मलाही नाही.

चौथ्या दिवशी दुपारी तू डोळे उघडलेस आणि हात थोडा वर करून कललेलं बोट माझ्या छातीकडे केलंस. मी पाणी पुढे केलं. तू मान हलवलीस. बोट तसंच. मी चादर नीट केली. उशी उंच केली. नर्सला बोलावलं. तू हात खाली टाकलास आणि डोळे मिटलेस.

औषध आणायला खाली जाताना लिफ्टच्या आरशात दिसलं. माझ्या शर्टाची बटणं एका घराने चुकली होती. घाईत वरून लावत आलो होतो. मी परत आलो तेव्हा तू झोपली होतीस. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस. अठरा वर्षं मी तुझं सगळं केलं, ताई, पण "काय पाहिजे?" एवढं त्या दिवशीही तुला विचारलं नाही. सरळ करायलाच लागलो.

*

तुझ्या पुण्यानुमोदनाला केंद्रातले सगळे आले होते. वंदना झाली आणि लोक तुझ्याबद्दल बोलायला उठले. ऐकत होतो तसतसा माझा जीव जळत होता. तू कॅरममध्ये लबाडी करायचीस म्हणे. सुशीलाबाईंची नक्कल करायचीस, त्यांच्यासमोरच. कोणी रडायला लागलं की म्हणायचीस, "रडून घे, पण टबातलं पाणी थंड होते." मला यातलं काहीच माहीत नव्हतं. माझ्या वाट्याला दुखणारी ताई आली आणि यांच्या वाट्याला हसणारी. माझ्याकडे अठरा वर्षं होती, यांच्याकडे दोन. तरी मला वाटलं, यांच्याकडे जास्त आहे. तुझ्या फोटोसमोर बसून मी हा विचार करत होतो.

काल सकाळी तुझं सामान आणायला केंद्रात गेलो. जाताना डिक्कीतून हुक काढून खिशात ठेवला होता. का, ते नक्की ठरवलं नव्हतं. तिथंच कुठे तरी टाकून द्यावा, म्हणजे तिथंच राहिला होता असं होईल, हेही मनात होतं. हे लिहायला लाज वाटते, पण होतं.

गजभिये सरांनी तुझा खण उघडला. शाल, चष्म्याचं घर, तुझा स्ट्रायकर. आणि एक हुक.

माझा हात खिशात गेला. माझ्याकडचा हुक खिशातच होता.

"हा कोणता?" मी विचारलं.

"दुसरा. पहिला हरवला ना, त्याच्या चौथ्या दिवशी केला. लाटण्याले दोन मुठी राह्यते, प्रमोदभाऊ. दुसरं टोक होतंच."

"मंग घरी काहून नाही आणला तिनं?"

सर सुशीलाबाईंकडे बघायला लागले. सुशीलाबाई टबात हात बुडवून बसल्या होत्या. त्यांनी हात बाहेर काढले, पुसले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज बारीक झाला.

"आम्ही म्हटलं तिले, घरी ने. म्हणे, नाही. घरी पम्या लावते, त्याले लावू द्या. अन् रोज इथं आली का पयले त्या पडद्यामागं जाये. साहीच्या साही बटणं काढे अन् ह्या हुकानं पुन्हा आपली आपण लावे. मंगच गोलात येऊन बसे."

रोज, ताई?

मी सोडून जायचो, स्कूटर वळवायचो, आणि तू पडद्यामागे जाऊन माझी बटणं उघडायचीस. आणि पुन्हा लावायचीस, तुझी. दहा महिने. मला दुखू नये म्हणून. तुला डिक्कीतलं कळलं होतं का, हे मला कधीच कळणार नाही. मला वाटतं, खड्ड्यात स्कूटर आदळली त्या दिवशी कळलं. पाना कसा वाजतो आणि आईचं लाटणं कसं वाजतं, हे तुला कळणार नाही असं होईल का?

आणि यावरही, खरं सांगतो, मला आधी मत्सरच वाटला. तो पडदा यांना माहीत होता, मला नव्हता. गजभिये सरांना माहीत होता. तू त्यांना सांगितलंस, "त्याले लावू द्या." माझ्याबद्दलची तुझी सगळ्यात मायेची गोष्ट तू दुसऱ्याला सांगितलीस. मी तिथं उभा राहून त्याचा राग केला. मग तो राग कुठे गेला ते कळलं नाही. मी कपाटाला धरून उभा राहिलो.

"बसता का?" सुशीलाबाईंनी विचारलं. हात लावला नाही. विचारलं.

"हाव," मी म्हणालो.

दहा वाजले होते. लोक गोल करून बसत होते. तुझी खुर्ची रिकामी होती, मी तिच्यावर बसलो. एकेक जण सांगायला लागला. आज गॅसचं बटण फिरवलं. वा. आज अंथरुणाची घडी केली. वा. आज चहाचा कप एका हाताने धरला, सांडला, पण धरला. वा. गजभिये सर म्हणाले, आज जिना उतरलो. वा. त्यांच्या शेजारी मी होतो. ते माझ्याकडे वळले. तू तिथं असतीस तर ज्या आवाजात त्यांनी तुला विचारलं असतं त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "आज आपलं आपण काय केलं, भाऊ?"

मी खिशातून हुक काढून गुडघ्यावर ठेवला. सरांनी तो बघितला, आणि तारेचं वळण ओळखलं.

मी म्हणालो, "हा हरवला नव्हता. मी लपवला होता. तिनं तुमच्यासंग खाप्याले जाऊ नये म्हणून. सर, तुम्ही गुडघे टेकून शोधून राहिले होते, तवा हा माह्या डिक्कीत होता अन् चावी माह्या खिशात होती. तिले तुमच्यापाशी हसताना पाहून मले सोसत नव्हतं. हे मले कोणी सांगाले लावलं नाही, आपलं आपण सांगून राहिलो. सर, मले माफ करा. ताई, मले माफ कर."